संसर्गाने फुगलेली धमनी : पहिले चित्र आणि दुसरे

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरुळच्या रस्त्याला लागले की छावणीनंतर पडेगाव येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र इथे आहे. पुढे मिटमिटा, शरणापूर, दौलताबादपर्यंत शेळ्या-मेंढ्या आणि दुभती जनावरे पाळणारी घरे आहेत. या पट्ट्यातला साठीचा मधुमेही माणूस तीन आठवड्यांचा ताप, कंबरदुखी आणि उतरलेले वजन घेऊन दवाखान्यात गेला, तर आधी टायफॉइड-मलेरियाच्या तपासण्या होतात, मग कंबरेचा एक्स-रे आणि फार तर मणक्याचा एमआरआय. बहुतेकांच्या दुखण्याचे कारण यातच सापडते. थोड्या रुग्णांत मात्र ते मणक्याच्या अगदी पुढ्यात, पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत दडलेले असते. जंतूंनी ती भिंत पोखरलेली असते, रक्ताच्या दाबाने ती एका बाजूने फुगू लागलेली असते, आणि ती फुटली तर रुग्णालयात पोचायलाही वेळ मिळत नाही.

वैद्यकात याला संसर्गजन्य धमनीविस्फार म्हणतात. विल्यम ऑस्लर यांनी 1885 साली लंडनच्या व्याख्यानांत या आजाराचे जे वर्णन केले, त्यावरून त्याला ‘मायकोटिक’ हे नाव चिकटले. प्रत्यक्षात बुरशीमुळे असे फुगे क्वचितच होतात. महाधमनीच्या एकूण फुग्यांत संसर्गाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत एक-दोन टक्क्यांच्या आसपास, तर पूर्व आशियात त्याहून बरेच जास्त आढळते. आजार दुर्मीळ आहे, आणि इथे उशिराची किंमत फार मोठी आहे. त्याचे निदान जवळजवळ पूर्णपणे प्रतिमांवर अवलंबून असते, म्हणून कोणती प्रतिमा, केव्हा आणि किती वेळा काढायची, हा प्रश्न तज्ज्ञांपुरता ठेवून चालणार नाही.

जंतू धमनीच्या भिंतीत चार वाटांनी शिरतात. हृदयाच्या झडपेवर संसर्ग असेल तर तिथून सुटलेले तुकडे मेंदूच्या, आतड्यांच्या किंवा पायाच्या धमन्यांत अडकतात. रक्तात फिरणारे जंतू चरबी साचून खडबडीत झालेल्या महाधमनीत घर करतात. शेजारचा संसर्ग, म्हणजे क्षयाची गाठ, पू झालेला मणका, मणक्यालगतच्या सोआस स्नायूतला गळू, भिंतीपर्यंत सरकतो. आणि सुईने, कॅथेटरने किंवा जखमेने जंतू थेट आत जातात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि साल्मोनेला हे मुख्य आरोपी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या रक्तात साल्मोनेला सापडला, तर जुन्या अभ्यासांनुसार दहा ते पंचवीस टक्क्यांत धमनीच्या आत संसर्ग असण्याची शक्यता धरतात. आपल्याकडे मुदतीच्या तापाची, म्हणजे साल्मोनेलानेच होणाऱ्या टायफॉइडची, इतकी सवय झाली आहे की वयस्क, धूम्रपान करणाऱ्या रुग्णाचा टायफॉइड औषधे पूर्ण करूनही उलटला, तर पुन्हा तेच औषध लिहिले जाते. अशा वेळी पोटाची प्रतिमा मागितली गेली पाहिजे.

आज पहिला मान सीटी अँजिओग्राफीचा आहे. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडून, ती धमन्यांत भरलेली असतानाच्या काही सेकंदांत छातीपासून जांघेपर्यंत पातळ छेद घेतले जातात. प्रकाशित आढाव्यांत हिची संवेदनक्षमता 92 ते 96 टक्के आणि विशिष्टता 93 ते 100 टक्के दिली जाते. हे आकडे धीर देणारे असले तरी ते पूर्ण उमललेल्या रोगाचे आहेत, आणि गफलत नेमकी इथे होते.

उमललेला रोग ओळखणे तसे कठीण नाही. वयोमानाने येणारा साधा फुगा बहुधा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली असतो, चहूबाजूंनी सारखा वाढतो आणि त्याच्या कडेला कॅल्शियमची रेघ असते. संसर्गाचा फुगा झिजलेल्या सायकल-ट्यूबला आलेल्या टेंगळासारखा एकाच बाजूला, कधी दोन-तीन कप्प्यांचा असतो. तो छातीत, मूत्रपिंडाच्या वर, अशा अनपेक्षित जागी येतो. कॅल्शियमची रेघ तिथे तुटलेली किंवा नाहीशी झालेली दिसते. भोवतालची चरबी धुरकट होते, मऊ ऊतींचा पट्टा दिसतो, कधी द्रव, कधी हवेचे बुडबुडे, कधी शेजारच्या मणक्याची झीज. मेयो क्लिनिकमधल्या 31 संसर्गजन्य महाधमनी-फुग्यांचा आढावा 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक फुगे एका बाजूचे, पिशवीसारखे होते. भोवतीच्या ऊतींतला बदल मात्र जेमतेम निम्म्यांत होता आणि हवा दोनच ठिकाणी. म्हणजे पाठ्यपुस्तकातली सगळी लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहणारा डॉक्टर निम्म्या रुग्णांत वाटच पाहत राहील.

त्याआधीची अवस्था याहून फसवी. फुगा झालेलाच नसतो. महाधमनीचा व्यास नेहमीएवढा, फक्त तिच्या एका कडेला थोडी सूज, थोडी धुरकट चरबी. रिपोर्टात ते ‘महाधमनीलगत किंचित बदल’ असे एका ओळीत येते आणि शेवटच्या निष्कर्षात गळूनही जाते. याच रुग्णाचे पाच-सात दिवसांनी पुन्हा छेद घेतले, तर त्याच जागी पिशवी उभी राहिलेली दिसू शकते. पोटातला साधा लहान फुगा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतो. संसर्गाचा फुगा तेवढा काही दिवसांत वाढू शकतो. या आजारात वाढीचा वेग हेच सगळ्यांत बोलके लक्षण आहे, आणि वेग एका चित्रात दिसत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाचा कणा हा आहे. पहिल्या स्कॅनने शंका येते. तसाच, त्याच पद्धतीने काढलेला आणि पहिल्याशेजारी ठेवून वाचलेला दुसरा स्कॅन ती पक्की करतो किंवा फेटाळतो. आपली व्यवस्था मात्र एका स्कॅनसाठी, एका पावतीसाठी, एका रिपोर्टसाठी बांधलेली आहे.

भारतात याच्याशी हमखास गल्लत होणारा आजार म्हणजे टाकायासूचा धमनीदाह. तो तरुण मुलींत, बायकांत जास्त. त्यातही ताप, वजन घटणे, महाधमनीची जाड झालेली भिंत हे सगळे असते. फरक असा की टाकायासूत भिंत लांबवर आणि सारखी जाडावते, फांद्यांची तोंडे अरुंद होतात. संसर्ग एका जागी, वेडावाकडा असतो. हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण टाकायासूचा उपचार स्टेरॉइडने सुरू होतो आणि संसर्गावर स्टेरॉइड दिले तर फुगा भरभर वाढतो. आयजीजी-4 शी निगडित दाह, लसीका ग्रंथींचा कर्करोग, साध्या फुग्याची झाकलेली गळती हेही चित्रात जवळपास असेच दिसू शकतात. म्हणून स्टेरॉइडची पहिली गोळी देण्याआधी रक्ताचे कल्चर लावणे आणि काही दिवसांनी पुन्हा चित्र काढणे, एवढा धीर धरलाच पाहिजे.

क्षयरोगाकडे इथे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. मराठवाड्यात मणक्याचा क्षय कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाच्या ओळखीचा आहे, आणि त्यासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये महाधमनी आपोआप येते. ती मणक्याला टेकूनच असते. तरीही सगळ्यांचे डोळे मणक्याच्या गळूवर आणि मज्जारज्जूवरच्या दाबावर खिळलेले असतात. गळू महाधमनीला चिकटला असेल, वाहत्या रक्ताची तिथली काळी प्रवाहरेषा बाजूला बाहेर आलेली दिसत असेल, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी सीटी अँजिओग्राफी व्हायलाच हवी. क्षयाच्या पोकळीत फुप्फुसाच्या धमनीला येणाऱ्या फुग्याचे वर्णन डेन्मार्कच्या रासमुसेन यांनी 1868 सालीच केले होते. खोकल्यातून भसकन रक्त पडलेल्या रुग्णात फक्त श्वासनलिकेच्या धमन्या तपासून बंद केल्या आणि फुप्फुसाच्या धमनीतला फुगा राहून गेला, तर रक्त पुन्हा येते. डाय दोन्ही रक्ताभिसरणांत पोचेल अशा बेताने सीटी घेतला की हा फुगा दिसतो आणि तारेची गुंडाळी सोडून तो बंदही करता येतो.

आता मेंढ्यांकडे. पडेगावच्या प्रक्षेत्राचे नाव सुरुवातीला आले ते तिथे रोग आहे असे सुचवण्यासाठी नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या सहवासातला माणूस या पट्ट्यात सर्वत्र आहे, आणि दोन जंतू त्याच सहवासातून येतात. पहिला ब्रुसेला. निरसे दूध, गाभडलेल्या जनावराची वार हाताळणे, प्रसूतीच्या वेळी उघड्या हातांनी केलेली मदत या त्याच्या वाटा. ब्रुसेला कंबरेच्या मणक्यात बसतो आणि तिथून लगतच्या महाधमनीत जाऊ शकतो. केंद्राच्या 2019 पासूनच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना दिली जाते. शेळ्या-मेंढ्या तिच्या कक्षेत नाहीत. म्हणून मेंढपाळाला लांबलेला ताप आणि कंबरदुखी असेल, तर प्रयोगशाळेला तसे आधी कळवावे लागते: कल्चर जास्त दिवस ठेवायला, आणि तिथल्या तंत्रज्ञाला स्वतःला संसर्ग होऊ नये म्हणूनही.

दुसरा जंतू कॉक्सिएला बर्नेटी, क्यू फीव्हरचा. त्याने काय होऊ शकते हे नेदरलँड्सने पाहिले. 2007 ते 2010 या काळात दक्षिणेकडच्या नॉर्थ ब्राबांट प्रांतातून सुरुवात होऊन, दुभत्या शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांभोवती चार हजारांहून अधिक लोकांना तीव्र क्यू फीव्हर झाल्याची नोंद झाली. सरकारने हजारो गाभण शेळ्या मारल्या. पण खरे नुकसान नंतर दिसले: जुनाट क्यू फीव्हरचे पाचशेहून अधिक रुग्ण, आणि त्यांतल्या मोठ्या गटाचा संसर्ग महाधमनीच्या आधीपासूनच्या फुग्यात किंवा शस्त्रक्रियेने बसवलेल्या कृत्रिम धमनीत. अनेकांना कधी ताप आल्याचे आठवतही नव्हते. साध्या रक्तकल्चरमध्ये हा जंतू उगवत नाही. डच डॉक्टरांनी मग उलट बाजूने काम केले: बाधित भागातल्या ज्यांच्या महाधमनीला आधीच फुगा होता किंवा झडप बदललेली होती, त्यांना शोधून रक्ततपासणी केली आणि संशय आला त्यांचा पेट-सीटी काढला. दोन औषधे किमान दीड वर्ष द्यावी लागतात, म्हणून संसर्ग कुठे आहे हे नेमके दाखवणाऱ्या चित्राला तिथे फार किंमत आली.

पेट-सीटीत फ्लोरिन-18 जोडलेली साखर शिरेतून देतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी ती जास्त ओढतात आणि ती जागा पडद्यावर उजळते. संसर्गाचा फुगा एका ठिकाणी, असमान आणि तीव्र उजळतो. टाकायासूची भिंत लांबवर सारखी. साधे चरबीचे थर मंद. शरीरात इतरत्र, म्हणजे मणक्यात, झडपेजवळ किंवा प्लीहेत लपलेला संसर्गही त्याच बैठकीत सापडतो, आणि मला वाटते सीटीवरचा हा त्याचा खरा वरचष्मा आहे. मर्यादाही आहेत. नव्या बसवलेल्या कृत्रिम धमनीभोवती पहिले तीन-चार महिने बरे होण्याची प्रक्रियाच उजळते. प्रतिजैविके बरेच दिवस चालू असली तर उजेड विझतो, संसर्ग मात्र उरतो. रक्तातली साखर चढलेली असेल तर चित्र पुसट येते, आणि हे रुग्ण बहुधा मधुमेहीच असतात.

शिवाय हे द्रव्य घड्याळाशी बांधलेले आहे. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य 110 मिनिटे. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. मुंबईहून निघालेली कुपी रस्त्याने सहा तासांनी संभाजीनगरला पोचली, तर तिच्यातली जेमतेम एक दशांश क्रियाशीलता उरते. त्यामुळे मराठवाड्यात पेटची वेळ ठरते ती कर्करोगाच्या रुग्णांच्या नियोजित यादीत. तापाच्या रुग्णासाठी त्या यादीत जागा मागणारा डॉक्टर अजून विरळा आहे. तो मागू लागला पाहिजे. जिथे पेट नाही तिथे टेक्नेशियम-99 एम लावलेल्या पांढऱ्या पेशींचे स्कॅन हा जुना मार्ग आहे. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, पण पेशी वेगळ्या काढून त्यांना ते जोडण्याचे काम किचकट, आणि चित्र पेटइतके स्पष्ट नसते.

मेंदूतल्या फुग्यांचे गणित निराळे. हृदयाच्या झडपेच्या संसर्गात दोन ते दहा टक्के रुग्णांत असे फुगे नोंदले गेले आहेत. ते लहान, दूरच्या बारीक फांद्यांवर, बहुधा मधल्या मेंदू-धमनीच्या टोकांना. तीन मिलिमीटरहून लहान फुगे सीटी आणि एमआर अँजिओग्राफीतून निसटतात, म्हणून अजूनही कॅथेटरने डाय सोडून काढलेली डीएसए हाच शेवटचा शब्द. झडपेचा संसर्ग असलेल्या रुग्णाला अचानक असह्य डोकेदुखी झाली, एमआरआयमध्ये बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसले, तर डीएसए टाळू नये. औषधांवर ठेवलेला फुगा दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावा लागतो. काही विरघळतात, काही वाढतात, तर कधी पहिला विरघळत असताना दुसरीकडे नवा येतो.

2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने याच आजाराचे खरोखर बुरशीने होणारे रूप पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयासह राज्यभरच्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण भरले. 20 मे 2021 रोजी केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य जाहीर करायला सांगितले. म्युकर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसूनच पसरतो. नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्यामागे, तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसमध्ये, आणि तिथेच मेंदूला रक्त नेणारी मुख्य कॅरोटिड धमनी जाते. ती बहुधा गोठून बंद होई. थोड्या रुग्णांत तिला फुगा आला. त्या गर्दीत सायनस आणि डोळ्याचा एमआरआय नियमाने होत होता, धमन्यांचे छेद मात्र नेहमी जोडले जात नव्हते. ते काही मिनिटांचे काम आहे आणि अशा रुग्णात ते मागणीपत्रावर आधीच छापलेले असावे.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. जांघेतला, दंडातला, मांडीतला फुगा ओळखायला कलर डॉप्लर पुरेसा असतो. फुग्याच्या अरुंद मानेतून रक्त आत जाते आणि परत येते, ती ये-जा आलेखात स्पष्ट दिसते. पोटातला फुगा दिसतो, पण त्याच्याभोवतीची सूज दिसत नाही, आणि छातीतल्या महाधमनीबद्दल पोटावरची सोनोग्राफी काही सांगू शकत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर ताप-कंबरदुखीच्या रुग्णाला घरी पाठवू नये.

उपचार झाला की प्रतिमांचे काम वाढते. शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढून नवी वाट बसवणे हा जुना उपाय. जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट सरकवून फुगा आतून झाकणे हा नवा. युरोपातल्या 16 केंद्रांतल्या 123 रुग्णांचा अभ्यास 2014 साली आला. स्टेंट-ग्राफ्टनंतर एका महिन्याला 91 टक्के, वर्षाअखेर 75 टक्के आणि पाच वर्षांनी 55 टक्के रुग्ण जिवंत होते. दुबळ्या रुग्णासाठी हे मोठे यश आहे, पण स्टेंट-ग्राफ्ट संक्रमित भिंतीतच बसलेला असतो. म्हणून प्रतिजैविके किमान चार-सहा आठवडे, अनेकदा कितीतरी महिने, आणि चित्रे पहिल्या वर्षी तीन-चार वेळा व नंतर दरवर्षी. त्यांत पिशवी आकसते का, भोवतालची सूज विरते का, कडेला नवी हवा दिसते का, डाय ग्राफ्टबाहेर गळते का, हे पाहायचे. सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा निर्देशांक, उतरला म्हणून चित्र टाळायचे नाही. आणि चित्र थोडे सुधारले म्हणून चढत्या सीआरपीकडे डोळेझाकही करायची नाही.

पोटाच्या एका सीटीत साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून वर्षभरात जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. सत्तरीच्या माणसात फुटणाऱ्या फुग्यापुढे ही काळजी लहान आहे. पंचविशीच्या मुलीत ती लहान नाही, आणि तिच्यात शक्य तिथे एमआरआय निवडावा. मूत्रपिंडे कमकुवत होऊन क्रिएटिनिन चढलेल्या मधुमेही रुग्णात प्रत्येक वेळी डायचा हिशेब करावा लागतो.

सगळ्यांत दुबळा दुवा मात्र साधा आहे. पहिला स्कॅन एका केंद्रात, दुसरा दुसऱ्यात, तिसरा मुंबई-पुण्यात. रुग्णाच्या पिशवीत चकचकीत फिल्म असतात, त्यांवर निवडक छेद. सगळे मूळ छेद असलेली सीडी कुणी मागितलेली नसते किंवा ती उघडत नाही. मग नवा रेडिऑलॉजिस्ट जुन्या रिपोर्टातला ‘4.1 सेंमी’ हा आकडा आपल्या 4.4 शी ताडतो, आणि दोघांनी कोणत्या पातळीवर, कोणत्या दिशेने मोजले हे कुणालाच ठाऊक नसते. तीन मिलिमीटरची ती वाढ खरी की मोजणीतली, यावर शस्त्रक्रिया आज की पुढच्या महिन्यात हे ठरणार असते. घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय 1956 पासून मराठवाड्याचा आधार आहे. तिथे किंवा शहरातल्या कोणत्याही मोठ्या केंद्रात या रुग्णांची चित्रे एका जागी साठवणारी, नवे-जुने छेद शेजारी उघडणारी आणि मागणीपत्रावर ‘जनावरांशी संबंध? निरसे दूध? क्षय? टायफॉइड? हृदयाची झडप?’ हे पाच प्रश्न छापणारी सोय करायला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तोवर पडेगावच्या रुग्णाच्या मुलाने काउंटरवर फिल्मबरोबर सीडी मागावी, ती तिथल्याच संगणकावर उघडून पाहावी, आणि पुढच्या स्कॅनच्या दिवशी यंत्रावर झोपण्याआधी वडिलांची जुनी सीडी तंत्रज्ञाच्या हातात द्यावी.